ताप आणला कोणी?

मुलुंडला राहायला गेले त्या दिवशी जिन्यात मला एक शिंक आली. हातात मिक्सरचं खोकं होतं, त्यामुळे नाकावर हात धरता आला नाही. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि लेंगा-बनियनमधले एक उंच, हडकुळे गृहस्थ बाहेर आले.

"कुठून आणलीस?" त्यांनी विचारलं.

"घाटकोपरहून. जुनाच आहे, आईचा."

"मिक्सर नाही विचारत. शिंक."

आतून एका बाईचा आवाज आला, "अहो, तिका आदी सामान तरी ठेवूक द्या!" त्या काकू. आणि दारात उभे होते ते काका. पुढची काही वर्षं मी त्यांच्या समोरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले. त्या काळात मला आलेल्या एकाही शिंकेचं मूळ अज्ञात राहिलं नाही.

काका विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचे. भिवंडीचं गोदाम जळालं, अंधेरीतला एखादा कारखाना जळाला, की यांना पाठवत. राखेत उकिडवं बसायचं आणि आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात सुरू झाली ते शोधायचं. मालक सांगायचे, "साहेब, शॉर्ट सर्किट झालं." काका म्हणायचे, "वायर तर शाबूत आहे. शॉर्ट सर्किट हवेत झालं का?" असे कितीतरी दावे त्यांनी आडवे केले होते. निवृत्तीनंतर गोदामं सुटली, पण सवय सुटली नाही. राखेच्या जागी आम्ही शेजारी आलो.

"आग लागत नाही गं, कुठून तरी येते," ते मला समजावत. "तापाचंही तसंच. ताप येत नाही, आणला जातो."

काकूंचा गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालं. काका भडकले. "दुसऱ्या गुडघ्याचं वय झालं नाही का? दोन्ही एकाच दिवशी जन्मले ना?" मग त्यांनी दोन दिवस काकूंच्या मागे मागे घरभर फिरून पाहणी केली आणि निकाल दिला की काकू टीव्ही बघताना एकच पाय मोडून बसतात, तोच हा पाय. सोफ्याची जागा बदलली. काकूंना आता टीव्ही तिरका दिसायचा, पण गुडघा खरंच दुखायचा थांबला. ही गोष्ट त्या कौतुकाने सांगत नसत. "मान दुखता आता," एवढंच म्हणत.

चिडले की काका मालवणीवर यायचे आणि "फटकी येवंदे तुका!" अशी शिवी हासडायचे. पण लगेच शुद्धीवर येऊन खुलासा करायचे, "म्हणजे कॉलरा. तो पाण्यातून येतो. शिवीने येत नाही, घाबरू नकोस."

एकदा मला खोकला, ताप आणि अंगदुखी, तिन्ही एकदम झालं. मी ऑफिसला कळवून टाकलं. साहेबांनी काळजी घ्या म्हणून मोबाइलवर दोन गुलाब पाठवले. मी मस्त चादर ओढून पडले, तोच काका स्टूल घेऊन हजर. स्टूल स्वतःचं आणायचे, कारण आजाऱ्याच्या खुर्चीवर बसणं त्यांना नियमबाह्य वाटायचं.

"तीन लक्षणं म्हणजे कारण एकच, असं धरून चालू नये," ते म्हणाले. "एका गोदामात मला एकाच दिवशी तीन आगी सापडल्या होत्या. तिन्ही वेगळ्या. अंग कुठे दुखतंय?"

"खांदे. आणि कंबर."

"काल काय उचललंस?"

"काही नाही... म्हणजे गादी गच्चीवर नेली होती. उन्हात टाकायला."

"एकटीने?"

"हो."

"खोकला कधी येतो?"

"झोपायला गेले की."

काकांनी वाकून पलंगाखाली पाहिलं. डासांची अगरबत्ती नेमकी माझ्या उशाखालच्या फरशीवर जळत होती. त्यांनी ती उचलून खिडकीबाहेर धरली, विझवली आणि परत बसले.

"ताप किती?"

"एकशे एक."

"मोजायच्या आधी काय केलंस?"

मी जरा विचार केला. "चहा प्यायले."

काकांनी एक सुस्कारा सोडला. मला काहीही न खातापिता तसंच बसवून ठेवलं, मग स्वतःच्या घरून थर्मामीटर आणून लावला. ताप नव्हता.

"तू आजारी नाहीस," ते उठत म्हणाले. "तू गादी, अगरबत्ती आणि चहा आहेस."

रजा फुकट गेली. म्हणजे रजा होती, पण ती मनापासून भोगता येईना. संध्याकाळी काकूंनी घावणे आणून दिले आणि माझ्या शेजारी टेकून म्हणाल्या, "माका तर लग्नापासून एकदाय धड आजारी पडूक दिलां नाय ह्या माणसान."

आमच्या कॉलनीतले डॉक्टर काकांना टाळायचे. एकदा काकूंना बरं नव्हतं म्हणून मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "व्हायरल आहे."

"म्हणजे अज्ञात इसम," काका म्हणाले.

"अहो काका, विश्रांती घेतली की जाईल."

"जाईल ते कळलं. आला कुठून?"

त्या दिवशी बाहेर गर्दी कमी असावी किंवा डॉक्टरांचा मूड चांगला असावा. ते खुर्चीत मागे रेलले. "काका, मोठ्या माणसाला खोकला, ताप, अंगदुखी व्हायला खूप कारणं आहेत. साधा फ्लू असेल. कोविड अजून अधूनमधून असतोच. पावसाळा असेल तर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो डोक्यात ठेवावं लागतं. छातीत उतरलं तर न्यूमोनिया. खोकला आठवडे न् आठवडे हटला नाही, वजन उतरायला लागलं, तर टीबीची तपासणी. म्हणून आम्ही विचारतो, थंडी वाजते का, दम लागतो का, ताप रोज येतो की दिवसाआड. त्यावरून ठरतं काय तपासायचं ते."

काकांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. गाणं ऐकून एखाद्याच्या डोळ्यांत पाणी यावं तसे ते झाले होते. "सगळे संशयित एका दमात सांगितलेत डॉक्टर," ते म्हणाले. "आणि कोणाला कसं गाठायचं तेही."

तेव्हापासून त्यांना एक नाद लागला. स्वतः ठणठणीत असताना ते दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. कोण कसं खोकतं ते ऐकायचे. शेजारच्याला विचारायचे, "थंडी वाजते का? दिवसाआड की रोज?" रिसेप्शनवरची मुलगी ओरडायची, "काका, तुमचा नंबर नाहीये ना, मग कशाला बसता?" काका म्हणायचे, "बाकाला नंबर आहे का?" ती बिचारी परत फोन घ्यायला लागायची.

थंडी सरून धूळ उडायला लागते त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगला ताप आला. आधी तळमजल्यावर, मग आमच्या मजल्यावर, मग वर. सकाळी जिना उतरताना प्रत्येक दारामागून वेगळा खोकला ऐकू यायचा. कुठे कोरडा, कुठे ओला, आणि पहिल्या मजल्यावर एक आजोबा होते त्यांचा तर शंखासारखा.

सोसायटीच्या अध्यक्षांनी मीटिंग बोलावली. अध्यक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. गच्चीवर त्यांनी कमळाचं टाकं केलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान. त्या दिवशी ते शाल गुंडाळून आले होते.

"मला वेळ घालवायचा नाही," ते म्हणाले. "उघड गोष्ट आहे. ताप सुमनबाई आणते. या घरातून त्या घरात जाते, सगळीकडे खोकते. उद्यापासून तिला गेटवर थांबवायचं. नवीन बाई बघून घ्या."

सुमनताई आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच घरी स्वयंपाक करायच्या. माझ्याकडेही. भांडुपच्या टेकडीवर राहायच्या आणि त्यांचं घर आमच्या पोळ्यांवर चालायचं. कोणीतरी त्यांनाही बोलावून घेतलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या, पदराने तोंड झाकून. खोकला आला तो त्यांनी इतका दाबला की डोळे लाल झाले.

मी बोलायला हवं असं मनात येत होतं, तोवर काका उठले.

"पुरावा?"

"काका, यात पुरावा कसला? ती खोकते, दिसत नाही का?"

"तुम्हीही थरथरताय. तुम्हाला गेटवर थांबवायचं?"

हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. काका म्हणाले, "कारण शोधल्याशिवाय मी कोणाचा दावा बंद केला नाही कधी. रविवारपर्यंत वेळ द्या. तोवर बाई काम करणार. रविवारी कारण सांगतो, मग काय ते ठरवा."

अध्यक्षांना थंडी वाजत होती, त्यांना घरी जायची घाई होती. ते हो म्हणून गेले.

जिन्यात सुमनताईंनी मला गाठलं. "ताई, हे काका मला वाचवणार की बुडवणार?"

"काय माहीत," मी म्हणाले. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

तपास सुरू झाला. काका स्टूल घेऊन घरोघर जायचे. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, त्याला खोकायला लावायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या घरी. जे अजून आजारी नव्हते त्यांच्याकडेही जायचे, का नाही पडलात ते विचारायला. अधूनमधून स्वतःही खाकरायचे. मी म्हटलं, "काका, तुम्हालाही झालंय का?"

"ही खवखव आहे. बोलून बोलून झाली. कारण माहीत आहे, तेव्हा तिचा प्रश्न नाही."

घरी त्यांनी कॅरमबोर्ड मांडला होता. प्रत्येक सोंगटी म्हणजे एक आजारी माणूस. काळ्या सोंगट्या सुमनताई जातात त्या घरच्या, पांढऱ्या बाकीच्या. राणी हातात धरून ते तासन्तास बोर्डाकडे बघत बसायचे, ही कुठे ठेवायची म्हणून. काकू बाजूला लसूण सोलायच्या आणि मधूनमधून पाकळी बोर्डावर पडली की तीसुद्धा एक पेशंट समजून काका तिचं नाव विचारायचे.

पहिला धक्का अध्यक्षांच्या घरी बसला. मी सोबत होते, कारण काकांना गच्चीपर्यंत स्टूल चढवून न्यायला मदत लागायची.

"खोकला?" काकांनी विचारलं.

"फार नाही," अध्यक्ष शालीतून म्हणाले.

"मग काय होतं?"

"आधी दात वाजतात. पलंग हलतो इतकी थंडी. मग भट्टीसारखा ताप. मग घाम येतो आणि एकदम बरं वाटतं. काल तर बाजारात जाऊन आलो. आज पुन्हा तेच."

काका स्टुलावरून उठले. "हा ताप आपल्या बिल्डिंगचा नाही."

"म्हणजे? माझा ताप कुठल्या बिल्डिंगचा?"

"वहिनी, यांना आत्ता रक्त तपासायला न्या. आत्ता."

अध्यक्ष पुष्कळ ओरडले, पण त्यांच्या बायकोने रिक्षा बोलावली. मलेरिया निघाला. औषध वेळेवर सुरू झालं. दरम्यान काका गच्चीवर जाऊन कमळाच्या टाक्यापाशी उकिडवे बसले होते. मला बोलावून त्यांनी पानं बाजूला केली. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

"कमळाबरोबर हे पण पाळलेत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला हसू आवरेना. मग दुसऱ्या दिवशी मार्केटमधून गप्पी मासे आणून त्यांनी स्वतः टाक्यात सोडले आणि प्रत्येकाला खाताना पाहिल्याशिवाय खाली आले नाहीत.

पण बिल्डिंगचा मूळ ताप तसाच होता. सुमनताईंच्या घरांत ताप होता तसा त्या जात नाहीत त्या घरांतही होता. पाण्याची टाकी पाहिली, कबुतरं पाहिली, तळमजल्यावरची पिठाची गिरणी पाहिली. राणी हातातच राहिली. मीही एव्हाना पडले होते, खऱ्या तापाने. या वेळी गादी नाही, अगरबत्ती नाही, चहाही नाही. काका तपासून समाधानाने म्हणाले, "शाब्बास, तुझा खरा आहे."

शनिवारी जरा बरं वाटलं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. काका बोर्डावर वाकून खोकत होते. काकू वाटण करता करता थांबल्या.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमी ज्या घराक जातास, थंय दोन दिवसांनी ताप येता. ह्यां तुमच्या ध्यानात कसां येना नाय?"

काकांनी मान वर केली नाही.

"मीटिंगच्या आदी तळमजल्यावर तुमी गप्पा मारूक गेलास, मगे तेंका इलो. पहिल्या मजल्यावर गेलास, तेंका इलो. सुमनक तर तुमी आदीच जिन्यात आडवून अर्दो तास विचारल्यात. मगे तिका. ही पोर तर तुमच्याबरोबर स्टूल घेवन फिरली, मगे तिका. आणि तुमची ती खवखव मीटिंगच्या आदीपासून आसा. दवाखान्याच्या बाकार बसून खंयचो खोकलो घरी आणलास, देवाक माहीत."

काका एकेका सोंगटीवर बोट ठेवत गेले. ओठ हलत होते. मग त्यांनी राणी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, स्वतःच्या फ्लॅटच्या जागी ठेवली आणि हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

मला त्यांची दया आली. "काका, रविवारी सांगा ना, व्हायरल आहे, कारण सापडत नाही. सुमनताई सुटतात. कोणाला काही कळणार नाही."

"खरां सांगता ती," काकू हळूच म्हणाल्या. "लोक हसतील तुमका. नाव ठेवतील."

मला वाटलं, ऐकतील. एवढ्या लोकांना प्रश्न विचारून, एवढं नाक वर करून हिंडलेला माणूस. मग ते म्हणाले, "अगं, कारण सापडलं नाही म्हटलं की लोक आपल्याला हवं ते कारण लावतात. परत त्या बाईच्याच गळ्यात घालतील."

रविवारी मीटिंगला सगळे जमले, पण काका आत आलेच नाहीत. सोसायटीच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर, पार्किंगमध्ये, दोन मास्क एकावर एक लावून उभे राहिले. कोविडातले उरलेले मास्क, एक निळा आणि त्यावर फुलाफुलांचा काकूंनी शिवलेला.

"काका, आत या ना!"

"मी आत येऊ शकत नाही," ते खिडकीच्या गजातून म्हणाले. "ज्याने ताप आणला तो इसम मी आहे."

आधी कोणाला काही ऐकू आलं नाही, दोन मास्कमुळे. "काय? ताप कोणाला?" पहिल्या मजल्यावरचे आजोबा ओरडले. काकांनी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि मग खोकत खोकत सगळा तपास सांगितला. दवाखान्याचा बाक, त्यांची खवखव, कोणाकडे आधी गेलो, कोणाकडे नंतर. "तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना मी खोकायला लावलं त्यांची माफी मागतो. सुमनबाईंचा यात काही संबंध नाही. उलट त्यांना मीच दिला. अध्यक्षांचा मलेरिया वेगळा, तो त्यांचा स्वतःचा."

अध्यक्ष खाली बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सुमनबाई, चुकलं आमचं. या तुम्ही नेहमीसारख्या."

दाराशी उभ्या सुमनताई खिडकीकडे वळल्या. "आणि काका? आता यांना गेटवर थांबवायचं का?"

पहिल्यांदा आजोबा हसले, त्यांच्या शंखासारख्या खोकल्यासकट. मग सगळेच. गजांबाहेर काका हसले की नाही, मास्कमुळे कळलं नाही. खांदे मात्र हलत होते.

त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. खोकला पूर्ण जाईपर्यंत कोणाच्या दारी गेले नाहीत. बिल्डिंग हळूहळू बरी झाली. त्या दिवसांत मला जिन्यात शिंक आली तर समोरच्या दारामागून काहीच आवाज यायचा नाही. मी उगीच तिथे घुटमळायचे. एकदा तर मुद्दाम मोठ्याने शिंकले.

बरे झाल्यावर काका पहिल्यांदा घराबाहेर पडले ते भांडुपला गेले. हे मला दुसऱ्या दिवशी सुमनताईंनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं.

"काल काका आले होते घरी. टेकडी चढून. धापा टाकत दारात उभे. आत या म्हटलं तर येईनात. आधी विचारलं, घरात कोणाला खोकला आहे का. नाही म्हटलं, तेव्हा आले. हात जोडून म्हणाले, सुमनबाई, चूक झाली. मी चहा ठेवायला गॅस पेटवायला गेले..."

"मग?"

"मग काय! 'थांब!' करून असे ओरडले की माझ्या हातातली काडेपेटीच पडली. गॅसची नळी चिरली होती ना मागच्या बाजूने, मला कुठे दिसते ती. त्यांनी सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, मला आणि सासूला बाहेर उभं केलं. स्वतः टेकडी उतरून खाली दुकानात गेले, नवी नळी घेऊन परत चढून आले. नळी बसवली, साबणाचं पाणी लावून बघितलं. सासू आ वासून बघतेय. आणि तोंडाचा पट्टा चालूच. नळी कधी बदलली, तारीख का बघत नाही, घरात म्हातारं माणूस आहे, अक्कल कुठे ठेवली. सगळी गल्ली गोळा झाली."

"चहा प्यायले का मग?"

"दोन कप प्यायले. सासूला गुडघ्याचं काहीतरी विचारत बसले." सुमनताईंनी पोळी तव्यावर टाकली आणि पदराने कपाळ पुसलं. त्यांना हसू फुटत होतं. "बघा ना ताई. माझी माफी मागायला आला माणूस, आणि मलाच ओरडून गेला."